पगारच नाही त्याची पेन्शन कापणार कुठून?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

पेन्शनचा विषय निघाला की गाडी रिटायरमेंटचं वय वाढवायचं की नाही आणि व्याज किती मिळणार इथेच अडकते, ज्याला पेन्शनच लागू नाहीये त्याचं कोणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र.

सध्या ऑटो एनरोलमेंटचं फार कौतुक चाललंय. म्हणजे नोकरीला लागलात की आपोआप स्कीममध्ये, नको असेल तर तुम्ही सांगून बाहेर पडायचं. न्यूझीलंडने २००७ मध्ये किवीसेव्हर असंच आणलं, ब्रिटनने २०१२ पासून सुरू केलं. आयडिया चांगलीच आहे, माणूस कंटाळा करतो हे धरूनच केलेली, आणि बहुतेक लोक खरंच बाहेर पडत नाहीत. पण हे सगळं चालतं पगाराच्या स्लिपवर. ब्रिटनमध्येसुद्धा स्वतःचं काम करणारा माणूस यात आपोआप येत नाही.

आता चार घरी साफसफाई करणारी बाई घ्या. तिचा एम्प्लॉयर कोण? चौघांपैकी कापणार कोण, भरणार कोण, आणि एक घर सुटलं तर हप्ता कमी होणार का? समजा कोणी अकाउंट उघडून दिलं, दोन महिने पैसे गेले, मग मूल आजारी पडलं, हप्ता चुकला, पुढचाही चुकला, अकाउंट झोपलं. पण सरकारी आकड्यात ती बाई अजूनही ‘कव्हर’ झालेलीच! चिलीने १९८१ मध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं अशी सिस्टम आणली, तिथेही हीच बोंब झाली, मध्ये मध्ये कामच नसलेल्यांच्या खात्यात जमणार काय, शेवटी २००८ मध्ये सरकारला करातून आधार पेन्शन द्यावीच लागली.

म्हणून माझं म्हणणं, आधी करातून सगळ्यांना थोडी का होईना पेन्शन, बचत त्याच्यावर. बोलिव्हियात २००८ पासून साठीनंतर सगळ्यांना मिळते. श्रीमंताला कशाला, असं कोणी म्हणेल, तर न्यूझीलंडमध्ये त्यालाही देतात आणि त्यावर इन्कम टॅक्स लावतात, गरिबी सिद्ध करायला म्हाताऱ्यांना रांगेत उभं करण्यापेक्षा हे बरं. पैसा नाही म्हणाल तर नेपाळ काही श्रीमंत देश नव्हता, १९९५ मध्ये ७५ च्या पुढच्यांपासून सुरुवात केली, नंतर वय ७०, मग ६८ वर आणलं. मात्र रक्कम महागाईशी कायद्यानेच जोडा, नाहीतर दहा वर्षांत तिचा चहापाणी भत्ता होतो.

बचतीचं म्हणाल तर रवांडाने २०१८ मध्ये एजो हेझा काढली ती बघा, जमेल तेव्हा जमेल तेवढे मोबाईलवरून भरा, कमी कमाईवाल्याला सरकारची वरून भर. ही भर घालायला पैसा हवाच असेल तर पेन्शन बचतीवरची टॅक्स सूट थोडी छाटा, तिचा फायदा तसाही जास्त पगारवाल्यांनाच जास्त होतो (हे वाचून माझेच मित्र चिडणार, चिडू देत).

आणि एक रिक्वेस्ट तुमच्या पेपरला. कुठल्याही पेन्शन स्कीमची बातमी छापताना किती खाती उघडली एवढंच छापू नका, गेल्या बारा महिन्यांत त्यातल्या किती खात्यांत पैसे आले तेही विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

आपला,
एक नियमित वाचक