नगरपालिका शाळांची दप्तरे जपा

मा. संपादक महोदय,

कुणबी नोंदींच्या शोधामुळे शाळांच्या जुन्या रजिस्टरांना अचानक भाव आला. पण छोट्या शहरांतल्या शाळांचा इतिहासही त्यांतच आहे, हे कुणी बोलत नाही.

तो लिहायचा तर आधी दप्तर, म्हणजे शाळेचे जुने कागद, कुणाकडे हे कळले पाहिजे. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, 1947 प्रमाणे 'अधिकृत' (म्हणजे प्राथमिक शाळा चालवण्याचा अधिकार सरकारने दिलेल्या) नगरपालिका आपल्या शाळा स्वतःच्या शाळा मंडळामार्फत चालवीत. बाकीच्या शहरांतल्या शाळा जिल्हा शाळा मंडळाकडे होत्या, त्या 1962 मध्ये जिल्हा परिषदेकडे गेल्या. म्हणून कागद नगरपालिकेत सापडले नाहीत, तर पंचायत समितीत विचारावे.

मुख्य साधन दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या शाळेत येण्या-जाण्याची नोंदवही. 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना जरूर वाचावा. गाव सोडून जाणारी कुटुंबे तिथे दिसतात. मात्र जन्मतारखेवर भिस्त ठेवू नये. पानामागून पान '1 जून' भरलेले असते. दाखला नसला की गुरुजी सोयीची तारीख टाकत. जुनी पाने मोडी लिपीत असतील तर जाणकाराकडूनच वाचून घ्यावीत, अंदाजपंचे नको.

आणि कृपा करून लॅमिनेशन नको! उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते, शाईवर डाग सोडते. झेरॉक्ससाठी रजिस्टर पालथे दाबले की शिवण उसवते. त्याऐवजी ते अर्धवट उघडून, दोन्ही पुठ्ठ्यांना आधार देऊन वरून फोटो काढावेत. पहिला फोटो मुखपृष्ठाचा, नाहीतर पाने कुठल्या शाळेची तेच पुढे कळत नाही.

शाळांचे एकत्रीकरण होताना रजिस्टरांची यादी करून, सही घेऊनच ताबा द्यावा.

— एक वाचक