सीपॅप मशीन कोपऱ्यात टाकू नका

महोदय,
झोपेत श्वास अडखळणाऱ्यांना दिलेले, मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप मशीन खेड्यांत बरेचदा पडून राहते. ‘फरक पडत नाही’ म्हणण्याआधी मास्क तपासा. डोळ्यांकडे हवा फुसफुसत असेल तर पट्टे आवळत बसू नका; आडवे होऊन, मशीन सुरू असतानाच मास्क थोडा उचलून पुन्हा बसवा. खारपाणपट्ट्यात मशीनच्या ह्युमिडिफायरमध्ये (हवेला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या टाकीत) बोअरचे पाणी तर नकोच, तळाला पांढरा थर धरतो. डिस्टिल्ड पाणी घाला, रोज बदला. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ह्युमिडिफायरचे हीटर बंद ठेवा, बॅटरी जास्त वेळ टिकते. झोपेत श्वासाला तासाला 30 किंवा अधिक अडथळे म्हणजे तीव्र आजार. अशांनी मशीन परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. शंका असेल तर मशीनमधल्या नोंदी डॉक्टरांना दाखवून हवेचा दाब तपासून घ्यावा.

– एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)