सुटे भाग बदलण्याआधी मोजमाप करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चालती गाडी मध्येच दम सोडते, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही आणि मागची वाहने हॉर्न वाजवू लागतात, हा प्रसंग अनेकांवर आला असेल. त्यानंतर गॅरेजमध्ये जे घडते, त्याविषयी हे पत्र आहे. स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर एक कोड उमटतो, त्यावरून अंदाजाने एखादा भाग बदलला जातो आणि दोष जागच्या जागी राहतो.

माझी पेट्रोल गाडी अर्धा तास नीट धावल्यावर चढावर झटके मारू लागे, पिकअप जाई आणि दहा-पंधरा मिनिटे थांबवली की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा धावे. स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला. हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, एवढेच तो सांगतो. का कमी पडते, ते सांगत नाही. इनटेक मॅनिफोल्डजवळच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांजवळच्या, गळतीतून जादा हवा शिरत असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, इंधनाचा फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल. आमच्या मेकॅनिकने धुरातला ऑक्सिजन मोजून संगणकाला कळवणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला, म्हणजे खरी बातमी आणणाऱ्या निरोप्यालाच घरी बसवले. पुढे ठिणगी पाडणारे प्लग झाले, त्यांना वीज पुरवणाऱ्या कॉइल झाल्या, शेवटी फ्युएल पंपही नवा बसला आणि गाडी होती तशीच राहिली.

दुसऱ्या मेकॅनिकने कोणताही भाग न बदलता इंधनाच्या लाइनला प्रेशर गेज जोडला आणि गाडी चढावर नेली. उभ्या गाडीत योग्य असलेला दाब भार पडताच कोसळला. मग त्याने पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला, तेव्हा इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट होते, पण पंपाला जेमतेम ११ मिळत होते. उरलेले ३ व्होल्ट अर्थिंगच्या गंजलेल्या टर्मिनलमध्येच खर्ची पडत होते. असा सांधा तापला की त्याचा रोध वाढतो व पंप मंदावतो, निवला की काही काळ काम भागते. विश्रांतीनंतर गाडी का सुधारत होती, हे तेव्हा कळले. टर्मिनल बदलले आणि दोष गेला. काढलेला जुना पंप बहुधा चांगलाच होता, हे मनाला अजून लागून आहे.

अर्थात, प्रत्येक वेळी इंधनच कारण असते असे नाही. इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडीचा वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असण्याची शक्यता आधी तपासावी. फेरेच वाढत नसतील, तर तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे धुराच्या नळीतील धूर शुद्ध करणाऱ्या भागाचा, संशय घ्यावा. त्याच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या छिद्रात गेज बसवला आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांवर दाब सुमारे ३ पीएसआयच्या (दाबाचे एकक) वर गेला, तर धुराची वाट अडली आहे असे समजण्यास जागा असते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन मिसिंग करीत असते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसते. अशा वेळी गाडी रेटत नेली तर न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि एका कॉइलच्या दोषापायी कन्व्हर्टरही निकामी होऊ शकतो. टर्बोचा, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्राचा, पाइप सुटण्यासारख्या दोषात तर नव्या गाड्या इंजिनाच्या रक्षणासाठी स्वतःच ताकद आवरून धरतात.

चालकांनीही जोर नेमका कधी जातो, हे लिहून ठेवावे: इंजिन थंड असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, टाकीत इंधन किती असताना. आणि नोंद उतरवून घेतल्याखेरीज कोड पुसू देऊ नये, कारण कोड आला त्या क्षणीचा वेग, तापमान व भार यांची जी नोंद संगणकाने जपलेली असते, ती त्याबरोबर पुसली जाते.

गॅरेजचालकांना आपल्या स्तंभातून एक विनंती करतो. बदललेल्या भागांच्या यादीसोबत, तो भाग बदलण्याआधी काय मोजले आणि किती भरले, हेही बिलावर लिहावे. काहीच मोजले नसेल, तर तेवढेच लिहावे.

आपला,
एक वाचक