एक ना धड, भाराभर प्रोजेक्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेल वाचला आणि तुझ्यापेक्षा मलाच जास्त राग आला. माणसं पाच, प्रोजेक्ट सात, वर साहेब दोन, आणि दोघांचंही काम ‘सगळ्यात आधी’ व्हायला हवं. एवढं असून शेवटी तू लिहितोस, ‘मीच कुठेतरी कमी पडतोय.’ अरे, पाच जणांना सात दिशांना पळवलं तर कोणीही कमीच पडणार!

आणखी दोन माणसं मागू का, असं विचारलंस. माग, पण या महिन्याच्या डेडलाइनसाठी मागू नकोस. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या संगणकांच्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये लिहून ठेवलंय की, आधीच रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. नव्याला शिकवणार कोण? तर ज्याच्या डोक्यावर आधीच सगळ्यात जास्त काम आहे तोच. शिवाय पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात १०, सात जणांत २१. माणसं दोनच वाढली, पण ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायच्या जागा दुपटीहून जास्त झाल्या.

माझ्या मते तुझी खरी अडचण माणसांच्या संख्येत नाही, एकाच वेळी उघडून ठेवलेल्या कामांच्या संख्येत आहे. कागद घेऊन बस. समज, चार-चार आठवड्यांची तीन कामं एकाच माणसाकडे आहेत. कुणी नाराज व्हायला नको म्हणून तो दर आठवड्याला काम बदलतो: हा आठवडा याचा, पुढचा त्याचा. मग कामं संपतात दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या आठवड्यात. तीच एकामागून एक केली तर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात. तिसऱ्याचं काहीच गेलं नाही, पहिल्याचे मात्र सहा आठवडे वाचले. शिवाय दर सोमवारी ‘आपण कुठे थांबलो होतो’ हे आठवण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही.

टीमलाही हाच हिशोब लागू पडतो. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम अगदी सोपा आहे: एक काम पूर्ण व्हायला लागणारा सरासरी काळ म्हणजे हातात असलेली कामं भागिले ठरावीक काळात संपणारी कामं. १२ कामं अर्धवट पडलीत आणि महिन्याला २ हातावेगळी होतात, तर प्रत्येकाला सरासरी ६ महिने. चारच हातात ठेवलीस तर २ महिने. यात जादू नाही हं. बाकीची आठ तेवढा वेळ दाराबाहेर थांबणार, हे उघड आहे. पण बाहेर थांबलेल्या कामात कुणाचे तास अडकलेले नसतात. ते बदलता येतं, मागे ढकलता येतं, कधी कधी त्याची गरजच संपते. अर्धवट केलेलं काम मात्र टाकवतही नाही आणि संपवताही येत नाही.

आता टेस्टिंगकडे, म्हणजे झालेलं काम तपासण्याकडे ये. टेस्टिंग करणारी एकच आहे आणि ती चार प्रोजेक्टांत वाटलेली आहे, हे तू मेलमध्ये एका ओळीत उरकलंस. मला तर तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. बाकीच्या चौघांनी कितीही घाई केली तरी तिच्यापुढचा ढीगच वाढणार. म्हणजे तुझं खरं वेळापत्रक एकच: ती कुठलं काम कधी घेते. तिच्या कामांचा क्रम तू ठरव, तो भिंतीवर लाव, आणि ‘पाच मिनिटांचं काम आहे, जरा बघतेस का’ म्हणत तिच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तुझ्याकडे पाठव. आणि तिचा दिवस काठोकाठ भरू नकोस. एकच माणूस आणि कामं कधीही येणारी, असं रांगेचं सगळ्यात साधं गणित घेतलं तर ती ८० टक्के व्यग्र असताना येणारं काम स्वतःला लागणाऱ्या वेळाच्या सरासरी चौपट रांगेत थांबतं, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना १९ पट. तिला थोडं रिकामं बसलेलं पाहून साहेबांच्या पोटात दुखेल. दुखू दे.

साहेबांचंच सांगतो. दोघांना वेगवेगळं भेटणं बंद कर. वेगवेगळं भेटलास की दोघांनाही ‘हो’ म्हणून येतोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. दोघांना एकत्र बसव, समोर एकच यादी ठेव, एका क्रमांकावर एकच काम. ‘महत्त्वाचं काय?’ हे विचारूच नकोस, सगळंच महत्त्वाचं निघेल. ‘हे एक महिना उशिरा झालं तर नक्की काय होईल?’ असं विचार. काही कामांत एका तारखेपर्यंत काहीच बिघडत नाही, आणि ती तारीख उलटली की सगळंच बिघडतं. काहींत दर आठवड्याला थोडं थोडं नुकसान होतं. आणि काहींत, खरं सांगायचं तर, कुणाच्या लक्षातही येत नाही. ही तिसरी जात ओळखता आली की निम्मं भांडण मिटतं.

मीटिंग संपली की त्याच दिवशी दोघांना मेल टाक. मी साधारण असा लिहितो: ‘आज ठरल्याप्रमाणे बिलिंगचं काम आधी घेत आहोत. त्यासाठी रिपोर्टचं काम १५ तारखेपर्यंत थांबवलं आहे. बदल हवा असल्यास उद्या दुपारपर्यंत कळवावं.’ बस्स. यातलं दुसरं वाक्य कधीही गाळू नकोस. काय करणार हे सगळेच लिहितात. काय थांबवलं हे लिहिलं नाही, की महिन्याने तेच तुझ्या अंगावर येतं.

अंदाजांबद्दल थोडक्यात. ‘किती दिवस लागतील?’ असं विचारलं की माणूस सगळं सुरळीत पार पडेल असं धरून आकडा सांगतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्येच दाखवून दिलेली ही खोड आहे. त्यापेक्षा ‘मागचं असंच काम किती दिवसांत झालं होतं?’ हे विचार. आकडा मोठा येईल, पण बराचसा खरा असेल. आणि कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, रंगीत चार्ट कशात काढू, त्यात अजिबात डोकं घालू नकोस. वहीसुद्धा चालते.

शनिवारी फोन करतो, तोपर्यंत हातातल्या कामांची पूर्ण यादी करून ठेव. प्रत्येकापुढे ते कुणी मागितलंय तेही लिही. तो सातवा प्रोजेक्ट, डॅशबोर्डचा, मुळात कुणाला हवा होता हे तुझ्या मेलवरून मला कळलंच नाही. तुलाही आठवलं नाही, तर फोनवर सुरुवात तिथूनच करू.

तुझाच,
मित्र