मैदानावरच्या प्रशिक्षकाला महाविद्यालयात जागा कुठे आहे? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: वरिष्ठ महाविद्यालयांतील ॲथलेटिक्स प्रशिक्षकांचे पद, नियुक्तीचा कालावधी व सेवाशर्ती.

महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या राज्यात खेळाचा विषय निघाला की कागद शालेय शिक्षण व क्रीडा विभागाकडे जातो आणि महाविद्यालयाचा विषय निघाला की तो आपल्याकडे येतो. महाविद्यालयातील खेळाचा कागद मात्र या दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडतो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो. शाळा आणि क्रीडा एकाच विभागात असल्यामुळे शालेय स्पर्धा, क्रीडा प्रबोधिन्या आणि जिल्हा क्रीडा अधिकारी यांची निदान एक साखळी तरी उभी आहे. बारावी झाली की ती साखळी तुटते, आणि ती नेमकी त्या वयात तुटते, ज्या वयात धावपटूचे शरीर पहिल्यांदा खऱ्या सरावाला तयार होते. म्हणूनच हे पत्र क्रीडामंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

मी ग्रामीण भागातील एका अनुदानित महाविद्यालयातून शारीरिक शिक्षण संचालक म्हणून निवृत्त झालो आहे. माझ्या पदाला लोक सवयीने ‘कोच’ म्हणत, पण शासनाच्या लेखी ते पद प्रशिक्षकाचे कधीच नव्हते. संचालकाने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंतच्या सगळ्या संघांच्या प्रवेशिका भरायच्या, खेळाडूंची पात्रता तपासायची, प्रवासभत्त्याची बिले लावायची, जिमखान्याचा साठा नोंदवायचा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे यजमानपद आले तर मंडपापासून पंचांच्या जेवणापर्यंत सगळे पाहायचे आणि महाविद्यालयाचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायची असेल तेव्हा मागच्या पाच वर्षांची प्रमाणपत्रे शोधून फाइल सजवायची. हे सगळे आवश्यक आहे आणि ते कोणीतरी केलेच पाहिजे. पण यातले काहीही प्रशिक्षण नव्हे. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी जो वेळ उरेल, त्यात ज्याला हौस असेल त्याने मुले पळवावीत, असाच एकूण हिशेब आहे.

या पदाची पात्रताही तपासून पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे उमेदवाराकडे किमान ५५ टक्के गुणांसह शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण किंवा पीएच.डी. असावी लागते. शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणी असते. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर धावत किंवा चालत पार करायचे असते. हा वेग सावकाश पळण्याइतकाच आहे, हा भाग सोडून देऊ. मुद्दा असा की या निवडीत कुठेही उमेदवाराला स्टार्टिंग ब्लॉक लावून दाखवायला सांगत नाहीत आणि भालाफेक करणाऱ्या मुलाचे कोपर का दुखते हेही विचारत नाहीत. दुसरीकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून, जी १९६१ पासून या देशाचे प्रशिक्षक घडवते आहे, ॲथलेटिक्सची पदविका घेऊन आलेला तरुण त्या पदविकेच्या जोरावर आपल्या महाविद्यालयांत या पदासाठी अर्जसुद्धा करू शकत नाही.

प्रशिक्षणाला वेळ का लागतो, हे एका उदाहरणाने सांगतो. मुलींच्या १०० मीटर हर्डल्समध्ये दहा अडथळे असतात, प्रत्येकाची उंची ८४ सेंटिमीटरच्या आसपास आणि दोन अडथळ्यांमधले अंतर साडेआठ मीटर. या साडेआठ मीटरमध्ये तीनच पावले टाकायची असतात. खेड्यातून अकरावी-बारावी करून आलेली, वेगात चांगली पण हर्डल कधी न पाहिलेली मुलगी सुरुवातीला तिथे पाच पावले टाकते, काही दिवसांनी चार टाकते, आणि चार पावलांत प्रत्येक अडथळ्याला पाय बदलतो म्हणून अडखळते. मग प्रशिक्षक अडथळे अडीच फुटांवर आणतो, अंतर साडेसात मीटर करतो, फक्कीने प्रत्येक पावलाची खूण मारतो आणि त्या कमी केलेल्या अंतरात तिला तीन पावलांची लय बसवून देतो. ती लय मुरली की अंतर एका वेळी वीतभर वाढवायचे. मध्येच मागचा पाय नीट वर येत नाही म्हणून गुडघा फळीवर आपटतो, सूज येते, घरचे म्हणतात पुरे झाले, आणि मग घरी जाऊन आईशी बोलावे लागते. पूर्ण उंचीवर, पूर्ण अंतरात, दहाच्या दहा अडथळ्यांना तीन पावले पडायला दोन हंगाम गेले तर ते लवकर झाले असे मी समजतो. तीन वर्षांच्या पदवीतले दोन हंगाम.

आता या दोन हंगामांवर आपल्या विभागाची नियुक्तीची पद्धत ठेवून पाहा. रिक्त पदावर तासिका तत्त्वावर माणूस घेतला जातो. त्याची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते. जाहिरात, मुलाखत आणि विद्यापीठाची मान्यता होता होता पावसाळा अर्धा सरतो आणि उन्हाळ्यापूर्वी नेमणूक संपते. ॲथलेटिक्सचे वर्ष मात्र उलटे चालते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा त्यानंतर, म्हणजे पायाभूत सराव मे ते जुलै या महिन्यांत व्हायला हवा. लांब धावणे, टेकडी चढणे, ताकदीचे व्यायाम, मुरमाच्या मैदानावर घोट्यांना सवय लावणे हे सगळे त्याच दिवसांचे काम आहे. नेमक्या त्याच दिवसांत महाविद्यालयात कागदोपत्री कोणी नसते. जो येतो तो फुकट येतो, आणि पुढच्या वर्षी आपल्यालाच घेतील याची खात्री नसताना येतो. नवा माणूस आला तर तो मुलीची चार पावले पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.

मानधनाचा हिशेबही तासावर आहे, आणि तास म्हणजे वेळापत्रकातला तास. पहाटे साडेपाचला मैदानावर उभे राहणे कोणत्याच वेळापत्रकात नसते.

अशा स्थितीत चांगले प्रशिक्षक कुठे जातात? ते भरती अकॅडमीत जातात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक, तर मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर असते, आणि त्याची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या आज तालुक्या-तालुक्यांत आहेत. महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे सर्वाधिक गर्दी याच मुलांची असते. त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. घरच्या परिस्थितीत ती नोकरी म्हणजे सर्व काही असते, आणि अकॅडमीचा चालक प्रशिक्षकाला दर महिन्याला पगार देतो, जो महाविद्यालय देत नाही. पण त्या गर्दीत दरवर्षी एखादा असा मुलगा दिसतो, जो १६०० मीटर कोणताही डावपेच न शिकता सहज पळून जातो. त्याच्यात १५०० मीटरचा राष्ट्रीय धावपटू असू शकतो, पण भरतीची यादी लागली की त्याचा सराव कायमचा थांबतो. त्याला आणखी दोन वर्षे थांब असे सांगणारा माणूस त्याच्या महाविद्यालयात नसतो, आणि असला तरी स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नसलेला माणूस हे कोणत्या तोंडाने सांगणार?

ज्यांचे नाव आपण सगळे अभिमानाने घेतो ते महाराष्ट्राचे खेळाडू कुठे घडले तेही पाहावे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावपटू म्हणून तिथेच घडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्य आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण त्याने मिळवले. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. त्याच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी मक्याच्या भुशाची गादी करून त्याला उंच उडी शिकवली, आणि पुढे तोही सैन्यात गेला. शाळेतले गुरुजी आणि सैन्यातले प्रशिक्षक यांच्या मधले महाविद्यालय या दोन्ही कथांत जवळजवळ नाहीच.

एक माणूस एका गावात टिकला तर काय होते, याचे उदाहरणही नाशिकमध्येच आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग तिथे वर्षानुवर्षे लांब पल्ल्याचे धावपटू तयार करत राहिले. त्यांच्या हाताखाली सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. त्याच मैदानावरच्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्य आणले. ते विद्यापीठ पातळीवरचे पदक आहे, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. त्यामागचा प्रशिक्षक मात्र केंद्राच्या पगारावर होता, म्हणून तो टिकू शकला.

परदेशाचे दाखले देऊन आपला वेळ घेणार नाही, पण एक देतो, कारण त्यात आपला खेळाडू आहे. उंच उडीतला तेजस्विन शंकर २०१७ मध्ये अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकायला गेला आणि तिथून त्याने २०१८ व २०२२ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपदे जिंकली. त्याचे प्रशिक्षक क्लिफ रोव्हेल्टो यांनी त्या एका विद्यापीठात काही दशके काढली. तिथे ट्रॅकचा कोच होणे ही तरुणपणी निवडून त्यातच निवृत्त होता येईल अशी कारकीर्द आहे. तिथला पैसा आपल्याकडे नाही हे मान्य आहे. पण केरळकडे तरी कुठे होता? केरळच्या राज्य क्रीडा परिषदेने महाविद्यालयांत क्रीडा वसतिगृहे चालवली आणि तिथे प्रशिक्षक दिले. त्या राज्याच्या मुली वर्षानुवर्षे आंतरविद्यापीठ स्पर्धांत पुढे का राहिल्या, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांबरोबर शारीरिक शिक्षण संचालकांची १३९ पदे भरण्यास शासनाने मान्यता दिली होती. हजारांहून अधिक अनुदानित महाविद्यालयांच्या राज्यात हा आकडा किती पुरेल हा प्रश्न आहेच, पण माझा प्रश्न वेगळा आहे. त्यांत प्रशिक्षकाचे पद एकही नव्हते, कारण आपल्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, ते पदच नाही.

माझी मागणी सिंथेटिक ट्रॅकची नाही. ट्रॅकचे उद्घाटन होते, फलक लागतो, आणि शिकवणारा नसला की तिथे सकाळी फेरफटका मारला जातो. एका तालुक्यातील चार-पाच महाविद्यालये मिळून ॲथलेटिक्स प्रशिक्षकाचे एक पद आपण मंजूर करावे. त्याची पात्रता पतियाळाची पदविका व प्रत्यक्ष खेळाडू घडवल्याचा अनुभव ही असावी, नेट-सेट नव्हे. नेमणूक किमान चार वर्षांची असावी, कारण ती एका खेळाडूच्या पदवीपेक्षा लहान असेल तर तिला अर्थ नाही. त्याला तालुका क्रीडा संकुल वापरता यावे म्हणून क्रीडा विभागाशी लेखी करार व्हावा. आज संकुल एका विभागाचे आणि विद्यार्थी दुसऱ्या विभागाचा म्हणून परवानगीचे अर्ज फिरत राहतात. या पदांत महिला प्रशिक्षक पुरेशा असाव्यात. मुलीला पहाटे मैदानावर पाठवायचे की नाही हे घरातले लोक तिथे कोण उभे आहे ते पाहून ठरवतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

एक छोटी गोष्टही सुचवतो, जिला पैसा लागत नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते. त्या प्रमाणपत्रावर खेळाडू, स्पर्धा आणि संघटना यांची नावे असतात, प्रशिक्षकाचे नसते. ते असावे. उद्या त्याच माणसाच्या नेमणुकीचा किंवा बढतीचा विचार करताना त्याच्या हातून किती खेळाडू गेले, हे त्याला आठवणीतून सांगावे लागू नये. द्रोणाचार्य पुरस्कार मिळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. १९८५ मध्ये पहिल्याच वर्षी पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नांबियार आणि कुस्तीतले आपले भालचंद्र भागवत यांना तो मिळाला होता. बाकीच्यांना निदान नोंद तरी मिळावी.

नवे पद निर्माण करणे म्हणजे वित्त विभागाची संमती, आकृतिबंधात बदल आणि बरीच वर्षे, हे मी शासकीय नोकरी जवळून पाहिल्यामुळे जाणतो. तोवर आपल्या अखत्यारीतली एक गोष्ट या वर्षीच करता येईल. तासिका तत्त्वावरील शारीरिक शिक्षण व क्रीडा प्रशिक्षणाच्या नेमणुका इतर विषयांपासून वेगळ्या काढून त्या १ जूनपासून बारा महिन्यांसाठी द्याव्यात, मैदानावरचा सकाळ-संध्याकाळचा सराव कार्यभारात मोजावा, आणि काम समाधानकारक असेल तर नवी मुलाखत न घेता पुढील वर्षी तोच माणूस कायम ठेवण्याची मुभा प्राचार्यांना द्यावी. याचा शासन निर्णय एप्रिलअखेर निघाला तर जून-जुलैचा सराव वाया जाणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक