बाबा, सगळे दात काढायचे नाहीत

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा यांस,
शि. सा. न.

बाबा, आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र धाकधुकीत वाचावं लागणार नाही. सगळे दात काढून कवळी करायला तुम्ही जी वेळ घेतली होती, ती मी रद्द केली. तुम्हाला न विचारता केली, तेवढं माझं चुकलं. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि दर आठवड्याला हिरडीखालचं हाड आणखी झिजलं असतं. त्याऐवजी तुमच्या सोलापुरातच, सात रस्त्याजवळच्या हिरड्यांच्या डॉक्टरांकडे चार मंगळवार ठरवलेत, सकाळी साडेदहाचे. पैसे भरून झालेत, त्यावरून वाद नको.

मी स्वतः दातांची डॉक्टर, मग पुण्याला बोलावून मीच का करत नाही, हे तुमच्या मनात येणार. आलं की लगेच मलाही वाईट वाटतं. पण हे एका दिवसात उरकणारं काम नाही. चार बैठका, मग पुन्हा मोजणी, मग दर तीन महिन्यांनी सफाई. तेवढ्या वेळा हुतात्मा एक्सप्रेसने तुमची कंबर इकडे आणायची नाही. दादा चारही मंगळवारी सुट्टी घेणार आहे. खुर्ची पूर्ण आडवी केलेली तुम्हाला सोसत नाही, हेही मी तिथल्या डॉक्टरांना लिहून कळवलंय. आईने शिवलेली ती छोटी उशी घेऊन जा.

"वय झालं, दात हलणारच," असं तुम्ही दोनदा म्हणालात. केस पिकतात तसे दात वयाने हलत नाहीत. दात आणि हिरडीच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर रोज साठतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच टणक होतो, त्यालाच आपण कीटण म्हणतो. मग ब्रश कितीही घासा, ते हलत नाही. त्याच्या खरखरीत पाठीवर नवा थर आणखी लवकर बसतो. हिरडी सुजते, ब्रशला रक्त लागतं. इथवर सगळं पूर्ववत होऊ शकतं. पुढे मात्र हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो आणि दाताला धरून ठेवणारं हाड खाली सरकतं. ते हाड पूर्वीसारखं परत भरत नाही. ते जिथे आहे तिथे थोपवायचं, एवढ्यासाठी ही सगळी धडपड.

दिवाळीत क्लिनिकमध्ये तुम्हाला बसवून मी खुणांची बारीक सळी फिरवली आणि आकडे बोलत गेले, त्यांचा अर्थ तेव्हा नीट सांगितला नाही. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती फट मोजतात. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे निरोगी. तुमचे बरेचसे आकडे ४ आणि ५ आहेत, वरच्या उजव्या दाढांपाशी ६. सळी लावल्यावर बहुतेक ठिकाणी रक्त आलं, म्हणजे आजार अजून जागा आहे. पण पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत बहुतेक दातांच्या मुळांना निम्म्याहून जास्त हाडाचा आधार दिसतोय. असे दात काढून टाकायचे नसतात, बाबा. कवळीने चावण्याचा जोर आपल्या दातांच्या मानाने फारच कमी पडतो. शिवाय दात गेले की जबड्याचं हाड झिजत राहतं आणि कवळी दर काही वर्षांनी सैल होते. नानीला शेवटी काय काय मऊ करून द्यावं लागायचं, ते आईला विचारा.

एक दाढ मात्र जाईल. डावीकडची, खालची, शेवटची. तिथे खिसा ९ मिलिमीटरचा आहे आणि दाढ वर-खालीसुद्धा हलते. तिच्या मागे लागून शेजारची चांगली दाढ घालवण्यात अर्थ नाही. ती सर्वांत मागे आहे, बोलता-हसताना दिसणार नाही, आणि जेवण उरलेल्या दाढांवर नीट होईल. काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. तिथे जमलेली रक्ताची गुठळी निघाली तर दोन-तीन दिवसांनी भयंकर ठणका लागतो.

बाकीच्या बैठका सोप्या आहेत. दर वेळी तोंडाचा एक भाग इंजेक्शनने बधिर करतात. आधी पाणी सोडणारं, थरथरणारं यंत्र, मग हाताची बारीक अवजारं घेऊन हिरडीखालचं, मुळावरचं कीटण काढतात. टोचल्यासारखं फक्त इंजेक्शनच्या वेळी. ओठ दोन-तीन तास बधिर राहील, तोवर खाऊ नका, नाहीतर गाल चावला जाईल आणि कळणारही नाही. त्यानंतर मऊ भात, वरण, दुधात भिजवलेली भाकरी. शेंगाचटणी दोन-तीन दिवस बंद, तिचे कण ताज्या जागेत जाऊन बसतात. नंतर हवी तेवढी खा, ती मी तोडणार नाही.

सफाईनंतर दोन गोष्टी होतील, त्यांना घाबरू नका. गार पाणी एक-दोन आठवडे झिणझिणेल. आणि दातांत फटी दिसतील. गल्लीत कुणीतरी नक्की म्हणेल की सफाईने दात सैल केले. त्या फटी आधीच होत्या. कीटणाने बुजल्या होत्या आणि सुजलेल्या हिरडीने झाकल्या होत्या.

उपाशीपोटी जायचं नाही. नाश्ता आणि डायबेटिसची गोळी नेहमीच्या वेळेला, आणि निघण्याआधी घरच्या यंत्रावर साखर बघा. तुमची तीन महिन्यांची साखर ८.४ आहे, आणि साखर वाढली की हिरड्या बिघडतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. उलटंही खरं आहे. हिरड्यांची सूज उतरली की बऱ्याच जणांचा तो आकडा ०.३ ते ०.४ ने खाली येतो. रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या गोळीत अम्लोडिपिन आहे, त्याने काहींच्या हिरड्या जाड होऊन दातावर चढतात. पुढच्या दातांमधल्या त्या फुगवट्याचं निम्मं कारण ते असू शकतं. गोळी बदलायची का, हे तुमचे नेहमीचे डॉक्टर ठरवतील. आणि मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणणं आता बास. त्याने रक्त थांबतं, कीटण तसंच राहतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

शेवटच्या बैठकीनंतर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा मोजतील. तेव्हाही कुठे ६ चा खिसा राहिला तर तेवढ्याच जागी हिरडी उघडून, मूळ डोळ्यांसमोर साफ करून टाके घालतात. त्याचा विचार आत्ता करू नका. बहुतेक जागा त्याआधीच आवळलेल्या असतील, पण त्यासाठी घरचं काम तुम्हाला करावं लागेल.

पार्सलमध्ये मऊ ब्रश आहेत. जुने कडक ब्रश आजच टाका, खिडकी पुसायलाही ठेवू नका. ब्रश हिरडीकडे तिरका धरा, निम्मे केस हिरडीच्या कडेवर, निम्मे दातावर. जागच्या जागी थरथरवा, मग पुढचे दोन दात. आतली बाजू विसरायची नाही. पूर्ण दोन मिनिटं, सकाळी आणि झोपताना. रक्त आलं म्हणून ती जागा सोडू नका, तिथेच जास्त गरज आहे. पाणी रोज येत नाही हे लक्षात आहे, एक तांब्या पुरतो.

छोटे बाटली घासायच्या ब्रशसारखे दिसतात ते दातांमधल्या फटींसाठी. लाल बारीक फटीला, निळा दाढांच्या मोठ्या फटीला. आत जाताना किंचित अडकला पाहिजे, पण जोर लावावा लागला तर लहान घ्या. रोज रात्री एकदा, प्रत्येक फटीत तीन-चार वेळा आत-बाहेर. पिनेने आणि काडेपेटीच्या काडीने कोरणं बंद. क्लोरहेक्सिडिनचं औषध १० मिली, एक मिनिट तोंडात खेळवून थुंकायचं, ब्रशनंतर अर्ध्या तासाने, फक्त दोन आठवडे. त्यावर लगेच चहा घेतला तर दात तपकिरी पडतात.

आई, आता तुझं. तुझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून तू निश्चिंत आहेस, मला त्याचीच काळजी वाटते. मिश्रीतल्या तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळू शकतात, त्यामुळे आत आजार असूनही रक्त दिसेलच असं नाही. ती लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोकं धरतं, हे मला ठाऊक आहे. तुझ्यावर रागावत नाहीये. पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात, मग ओढ कमी होत जाते. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, आणि आधी दुपारची मिश्री सोड, मग संध्याकाळची. सकाळची शेवटी. दुसऱ्या मंगळवारी बाबांसोबत तूही जा. मी तिथल्या डॉक्टरांना तुझ्या गालाच्या आतला तो पांढरट भाग बघायला सांगितलंय. फक्त बघायला.

बाबा, गड्ड्याच्या जत्रेतून ऊस आणला की तुम्ही दातांनी सोलून करवे आमच्या हातात द्यायचात, स्वतःला शेवटचा पेर. यंदा ऊस सुरीनेच सोला. पण करवा चावून खा, उरलेल्या दाढांनी.

सोमवारी रात्री नऊला फोन करते. साखरेचा आकडा आणि गोळ्यांची चिठ्ठी जवळ ठेवा, दादाला द्यायची आहे.

तुमची,
छकुली