जुन्या ‘पॉइंट टू टू’ला बफ मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजोबांची जुनी .२२ रायफल विकायची आहे, भाव कसा काढायचा, असं एका वाचकाने गेल्या आठवड्यात आपल्या अंकात विचारलं होतं. मी काही हत्यारांचा जाणकार नव्हे. पण आमची रायफल मी स्वतःच्या हाताने मातीत घातली, तेवढ्या अनुभवावर लिहितो.

वडील सुभेदार होऊन साताऱ्याला परतले. पुढे काही वर्षं एनसीसीच्या पोरांकडून फायरिंग करून घ्यायचे. त्यांनी परवान्यावर घेतलेली रायफल दिसायला थेट फौजेची थ्री-नॉट-थ्री (.३०३) होती. तेच वजन, तोच बोल्ट, नळीच्या टोकाला नेम धरायची तीच माशी. नळीत डोकावलं तर मात्र भोक पेन्सिलीपेक्षा बारीक. झिजलेल्या .३०३ नळ्या फेकून न देता इंग्रजांनी त्या आतून पोखरल्या आणि आत .२२ ची नळी बसवली. बर्मिंगहॅमच्या पार्करची ही युक्ती. रंगरूटाला पंचवीस यार्डांवर, स्वस्तातल्या गोळीने, धक्का न बसता सराव व्हावा, आणि हाताला सवय मात्र खऱ्या रायफलीचीच लागावी, एवढाच त्यातला हेतू. बोल्टचं डोकंही बदललेलं, कारण या काडतुसाला मार मधोमध नाही, कडेला बसावा लागतो. मॅगझिनची पेटी जागेवर होती, पण आतून पोकळ. गोळी एकेक करून हाताने भरायची, रिकामी पुंगळी त्या पेटीत पडायची. रेंजवरून आले की वडील पेटी काढून पुंगळ्या वर्तमानपत्रावर ओतायचे, मोजायचे, आणि मग पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून नळी ओढायला मला बसवायचे.

आपल्याकडे .३०३ हा बोअर (नळीच्या भोकाचं माप) सामान्य माणसाला निषिद्ध, .२२ ला परवाना मिळतो. म्हणून फौजेच्या रायफलीचं रूप असलेली वस्तू रीतसर घरात ठेवायची तर ही जवळपास एकच वाट.

वडील गेले. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून नियमाप्रमाणे रायफल एका परवानाधारक दुकानात जमा केली आणि विकायला सांगितलं. महिन्याभराने बघायला गेलो तर ओळखू येईना! बफ मारून, नवा काळा रंग चढवून, दस्त्याला पॉलिश पेपर घासून वर चकचकीत वार्निश. दस्त्यावरची पितळी चकतीही काढून टाकलेली, तिथे दोन भोकं लांबी भरून बुजवली होती. दुकानदार बिचारा खूश. “आता चार पैसे येतील साहेब,” म्हणाला. फुकटात करून दिलं होतं त्याने, रागवायचं तरी कुणावर!

गेलं काय, तर सगळं. दस्ता जिथे पोलादात बसतो त्या सॉकेटच्या उजव्या अंगाला मुकुट होता, खाली जीआर म्हणजे राजा जॉर्जची अक्षरं, मग एनफिल्ड हे कारखान्याचं नाव, १९१६, आणि रायफलीचा मार्क, म्हणजे तिची आवृत्ती. नळीवर पार्करचा शिक्का होता. कायद्याने नंबर पुसता येत नाही म्हणून तेवढा राहिला, बाकी सपाट.

आपल्या बाजारात भाव दोनच गोष्टींवर ठरतो, ‘इंग्लिश मेक’ आणि चकाकी. ऐंशीच्या दशकापासून परदेशी हत्यार मागवणं खासगी माणसाला जवळपास बंद झालं, त्यामुळे नावाला किंमत आली आणि इतिहासाला राहिली नाही. संग्राहक नेमका उलटा बघतो. बोल्ट, बॉडी, नोजकॅप (नळीच्या टोकाशी असलेली टोपी), साईट यांवरचे नंबर जुळतात का, शिक्के धारदार आहेत का, लाकडावर फौजेतले ओरखडे आहेत का? असले तर बरंच, असं तो म्हणतो. नळी मात्र उजेडासमोर धरून बघावी. जुन्या .२२ गोळ्यांच्या टोपीतल्या मसाल्याने नळ्या आतून गंजायच्या, त्यात आपल्याकडचा पावसाळा. आणि सगळं जुनं दुर्मीळ नसतं. एनफिल्डचं नंबर सात मॉडेल बीएसए या ब्रिटिश कंपनीने १९४८ मध्ये ब्रिटिश हवाईदलासाठी केलं ते अवघं अडीच हजार, ते सापडलं तर गोष्ट वेगळी. आमच्यासारख्या रूपांतरित रायफली त्या मानाने पुष्कळ निघाल्या. पण शिक्के शाबूत असलेल्या किती उरल्या, हा खरा प्रश्न.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. ओळखीतल्या दोन घरांनी बारा बोअर आणि रिव्हॉल्व्हर ठेवून .२२ जमा केली. साहजिक आहे, पिकाच्या राखणीला तिचा काय उपयोग? पण जमा करण्याआधी कुणी एक फोटो काढला नाही. ज्या जिल्ह्यात पहिल्या महायुद्धात अपशिंग्यासारख्या एका गावचे ४६ जवान पडले, तिथल्या माणसांनी ज्या रायफलींवर नेम शिकला त्यांची साधी नोंद असू नये? लंडनहून आलेली वाघनखं बघायला आपण साताऱ्याच्या संग्रहालयात रांगा लावल्या. त्याच संग्रहालयाने अशा रायफलींच्या शिक्क्यांचे फोटो आणि कागद गोळा करायचं मनावर घेतलं तर हत्यार ठेवून घेण्याचीही गरज नाही, एक फाईल पुरे.

त्या वाचकाला एवढंच सांगणं: दुकानात नेण्याआधी सगळ्या शिक्क्यांचे फोटो काढा, परवान्याची जुनी पानं जपा, आणि ‘जवसाच्या तेलाशिवाय काही लावायचं नाही’ असं पावतीवर लिहून घ्या.

आमची रायफल पुढे सांगलीकडच्या कुणीतरी घेतली असं कळलं. त्यांच्या वाचनात हे पत्र आलं तर मागच्या साईटची पट्टी उचलून तिची खालची बाजू बघावी. बफ तिथवर पोचलेला नव्हता, बॉडीवरचाच नंबर तिथे आहे. सॉकेटवर काय काय होतं ते वडिलांनी वहीत अक्षर न अक्षर उतरवून ठेवलंय, पितळी चकतीवरच्या आकड्यांसकट. त्या पानाची झेरॉक्स मी आपल्या कार्यालयात ठेवून जातो.

आपला,
एक वाचक, सातारा